राजांच्या बागा वाळल्या, जाखमतबाबाचा वड टिकला. गावच्या बागेला आता पाणी कोण घालणार?

जून उजाडला की जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात एकच फोटो फिरतो. एक खड्डा, त्यात हातभर रोप, रोपाला हात लावून उभी दहा-बारा माणसं आणि सगळ्यांची तोंडं मोबाईलकडे. सरपंच असतात, सदस्य असतात, गुरुजी असतात, तरुण मंडळाची पोरं असतात. फोटो ग्रुपवर पडतो, खाली अंगठे येतात. पुढच्या चैत्रात त्याच जागी गेलं तर लोखंडी जाळी उभी असते, जाळीवर देणगीदाराचं नाव असतं, आणि आत वाळलेली काडी.

योजनांची कमतरता नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला. त्यानंतर 'माझी वसुंधरा' अभियान आलं. ५ जून २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' सुरू झालं. रोपं मिळतात, जाळ्या मिळतात, कुठे पेव्हिंग ब्लॉक आणि बाकडीही मिळतात. गावोगाव शाळेमागं, मंदिरापाशी, स्मशानभूमीच्या कडेला छोट्या बागा उभ्या राहिल्यात. प्रश्न फोटो काढून झाल्यानंतरचा आहे. दुसऱ्या दिवशी तिथं कोण जातो?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात एक जुनं झाड आहे आणि काही जुन्या बागा आहेत. झाड जिवंत आहे, बागांची नुसती नावं राहिली आहेत. असं का झालं, हे समजलं तर गावच्या बागेचं काय करायचं तेही समजेल.

एका झाडाचं रान

संगमनेर तालुक्यातलं पेमगिरी. डोंगरावर किल्ला, गावात जुनी बारव, आणि गावापासून थोड्या अंतरावर एक वड. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते एक झाड वाटतच नाही, वडाचं रानच वाटतं. पारंब्या जमिनीत उतरून खोडं झालीत, त्या खोडांना फांद्या फुटल्यात, त्या फांद्यांच्या पारंब्या पुन्हा खाली आल्यात. त्याचा विस्तार साधारण साडेतीन एकर सांगितला जातो. साडेतीन एकर म्हणजे जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांची अख्खी जमीन. तेवढ्या जागेवर एक झाड उभं आहे.

या वडाखाली जाखाई आणि जाखमतबाबाचं ठाणं आहे. रामोशी समाजातल्या जाखमतबाबाची वाघाशी झुंज झाली, त्यात बाबाही गेला आणि वाघही, आणि त्याच जागेवर हे देवस्थान झालं, असं परिसरात सांगतात. सांगणाऱ्यागणिक कथेत थोडा फरक पडतो. मात्र एक गोष्ट सगळे सारखीच सांगतात, की या झाडाचं लाकूड कुणी घरी नेत नाही. वाळलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही.

शिकलेला माणूस म्हणेल, ही अंधश्रद्धा. असेलही. पण तिचा परिणाम बघा. सरपणासाठी आसपासचे डोंगर उघडे पडले, दुष्काळात जनावरांसाठी झाडांचा पाला ओरबाडला गेला, तेव्हाही या वडावर कुऱ्हाड पडली नाही. इथं राखणदार पगारी नव्हता आणि कुंपणाला तारही नव्हती. गावानं पाळलेला नियम होता, आणि तो नियम एका गोष्टीच्या आधारानं लहान पोरांपर्यंत पोचलेला होता.

नगरच्या बागांचं काय झालं?

आता नगर शहराकडे या. १४९० च्या सुमारास मलिक अहमदनं हे शहर वसवलं. निजामशाहीला बागांचा मोठा शौक होता. फराहबाग, बागरोजा, हश्त बेहश्त बाग अशी नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. हश्त बेहश्त म्हणजे आठ स्वर्ग. या शहराला आणि बागांना लांबून खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. डोंगराच्या बाजूचं पाणी जमिनीखालून, उतारानं, मोटेशिवाय शहरात यायचं. त्या काळातली ती मोठी करामत होती.

फराहबागेतला महाल १५८३ च्या सुमारास पुरा झाला. भोवती तळं, मधे इमारत, चहूबाजूंनी बाग. आज इमारत आहे, तळ्याचा खड्डा आहे, बाग नाही. बागरोजात अहमद निजामशहाची कबर आहे. नावात बाग राहिली, जमिनीवर राहिली नाही. राज्य होतं तोवर माळी होते, नळ दुरुस्त करणारे होते, त्यांना मुशाहिरा मिळत होता. राज्य गेलं, नळ फुटले, माळी पांगले. बागेवर जीव टाकणारं आसपासच्या लोकांत कुणी नव्हतं, कारण बाग त्यांची कधी नव्हतीच.

या दोन गोष्टींना जोडणारा एक धागा इतिहासातच आहे. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती गेल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून राज्य पुढे चालवलं. तो मुलगा गादीवर बसला तो याच पेमगिरीच्या किल्ल्यावर. १६३६ पर्यंत हा कारभार टिकला, मग निजामशाही संपली. म्हणजे ज्या घराण्यानं नगरला आठ स्वर्गांची बाग केली, त्याची शेवटची गादी पेमगिरीला होती. ती गादी गेली, नगरच्या बागा गेल्या. पेमगिरीच्या शिवारातलं एका राखणदाराचं ठाणं आणि त्याचा वड मात्र राहिला.

सरकारी बागांचाही अनुभव वेगळा नाही. शेवगाव-पाथर्डीकडच्या कित्येकांनी शाळेच्या सहलीत पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान पाहिलंय. रंगीत कारंजी बघायला लोक लांबून यायचे. पुढे देखभालीअभावी त्याची काय दशा झाली, हेही त्याच लोकांनी पाहिलं. निधीवर उभी राहिलेली बाग निधी थांबला की बसते.

श्रद्धा पुरत नाही

मग काय, प्रत्येक बागेत एक देव बसवायचा? एवढं सोपं नाही. पेमगिरीसारख्या झाडांना जुना धोका कुऱ्हाडीचा होता. नवा धोका गर्दीचा आहे, आणि गर्दी श्रद्धेनंच येते किंवा फोटोसाठी येते.

तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा असाच प्रचंड वड आहे. सुमारे सातशे वर्षांचा मानतात. तो पर्यटनस्थळ झाला. लोक फांद्यांवर चढले, पारंब्यांना झोके घेतले, बसायला सिमेंटचे कट्टे झाले. आतून वाळवीनं झाड पोखरलं. २०१७ च्या शेवटी मोठी फांदी कोसळली आणि लोकांना आत जाणं बंद करावं लागलं. पुढे २०१८ मध्ये त्या झाडाला दवाखान्यात माणसाला लावतात तशा सलाईनच्या बाटल्यांतून थेंबथेंब वाळवीचं औषध द्यावं लागलं, फांद्यांना आधाराचे खांब द्यावे लागले. झाड वाचलं. पण ज्या झाडानं सातशे वर्षं दुष्काळ सोसला, त्याला काही वर्षांच्या गर्दीनं खाटेवर आणलं.

आपल्याकडे हे होणार नाही असं समजायचं कारण नाही. सुट्टीच्या दिवशी जुन्या झाडाखाली काय चालतं ते कोणत्याही तालुक्यात बघा. पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, चूल मांडल्याच्या राखा. पोरं पारंबीला लोंबकळतात, कुणी खोडावर चाकूनं नावं कोरतो. खाली गाड्या लावल्यानं माती दबून दगडासारखी होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही. हौसेनं पार बांधणारे खोडाला चिकटून सिमेंट ओततात. त्यांचा हेतू चांगला असतो, झाडाचा गळा मात्र आवळला जातो.

वडाचं शास्त्र शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. पारंबीचं टोक कोवळं असतं, ते तुटलं की ती खाली पोचायला वेळ लागतो किंवा पोचतच नाही. पारंबी जमिनीत रुजली की खांब होते, आणि वरच्या फांदीचं ओझं पेलते. पश्चिम बंगालमध्ये हावड्याच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. त्याचं मूळ खोड बुरशीनं किडलं म्हणून १९२५ साली काढून टाकावं लागलं. आज शंभर वर्षं झाली, ते झाड मूळ खोडाशिवाय पारंब्यांवर उभं आहे आणि अजून पसरतंय.

गावातल्या स्वयंसेवकांचंही असंच आहे. बाग सुरू करणारा एखादा माणूस असतो, तो खोडासारखा. तो आहे तोवर पारंब्या जमिनीत उतरल्या पाहिजेत. नाहीतर तो थकला, गावाबाहेर गेला किंवा वारला, की बाग त्याच्याबरोबर जाते.

पाण्याचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात लोकांनी एकत्र येऊन काम केल्याची उदाहरणं कमी नाहीत. हिवरे बाजारनं १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाच्या ठरावानं पाळली. राळेगणसिद्धीनं त्याआधीच वाट दाखवली होती. संगमनेरात स्वातंत्र्यसैनिक भाऊसाहेब थोरात यांनी २००६ साली दंडकारण्य अभियान सुरू केलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघालेली गावं सगळ्यांना आठवत असतील.

या सगळ्यांतून एक धडा निघतो. हिवरे बाजारनं झाडं लावली म्हणून तिथं जंगल झालं, असं आपण म्हणतो. खरं तर चराई थांबवली, कुऱ्हाड थांबवली आणि पाणी मुरवलं, मग झाडं जगली. लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.

आता साधा हिशेब मांडू. गावानं २०० रोपं लावली. एका रोपाला एका वेळी १० लिटर पाणी, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला ४,००० लिटर. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत सोळा आठवडे धरले तर ६४,००० लिटर. पाच हजार लिटरचा एक टँकर म्हटला तर तेरा टँकर. ज्या पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड पट्ट्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागते, तिथं रोपांना तेरा टँकर कोण देणार?

हेच गावानं २० रोपं लावली तर आठवड्याला ४०० लिटर लागतात. दोनशे लिटरचे दोन ड्रम. पाच घरांनी प्रत्येकी चार झाडं घेतली तर एका घरावर आठवड्याला ८० लिटरचा भार येतो. चार-पाच हंडे. हे जमण्यासारखं आहे. मडकं पुरून किंवा बाटलीनं ठिबक करून ते आणखी कमी होईल, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर ओल टिकेल. पण २० झाडांचा फोटो २०० झाडांइतका भारी दिसत नाही, आणि उद्दिष्टाच्या तक्त्यात आकडाही लहान दिसतो. गोम इथंच आहे.

दुसरी गोष्ट मजुरीची. पाणी घालणं हे काम आहे आणि कामाला दाम असतो. रोजगार हमी या राज्यातच १९७२ च्या दुष्काळात मोठी झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. झाडं लावून सोडून न देता, तीन वर्षं ती जगवण्यासाठी गावातल्याच गरजू कुटुंबांना मजुरी द्यायची, ही पद्धत 'बिहार पॅटर्न' या नावानं आपल्याकडे आली. तिच्यामागचा विचार बरोबर आहे. गावात कित्येकदा 'श्रमदान' म्हणून ज्यांना बोलावलं जातं त्यांच्यात भूमिहीन जास्त असतात, आणि फोटोत पुढे उभे राहणारे दुसरेच असतात. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्याचा दिवस फुकट घेणं हे दान नाही. ज्याला परवडतं त्यानं वेळ द्यावा, ज्याला परवडत नाही त्याला मजुरी द्यावी. असा सरळ हिशेब ठेवला तर कुणाच्या मनात अढी राहत नाही.

बागेला पार्टी चिकटते

तिसरी अडचण उघड बोलली जात नाही, पण माहीत सगळ्यांना आहे. बाग ज्या पॅनेलच्या काळात झाली, ती त्या पॅनेलची होते. निवडणूक फिरली की नवे लोक तिकडे फिरकत नाहीत. जुने म्हणतात, आता तुम्ही बघा. नवे म्हणतात, तुम्हीच लावली होती ना. तोवर बकऱ्या बघून घेतात.

त्यात तरुण पोरं गावात राहत नाहीत. सुपा, रांजणगाव, चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारा मुलगा रविवारी घरी येतो, त्याला त्या एका दिवसात कांदा भरायचा असतो, लग्न गाठायचं असतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रोजचं काम गावात राहणाऱ्यांवरच येतं. त्यात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेची मुलं आली. समितीच्या कागदावर मात्र हीच नावं सगळ्यात कमी असतात.

जिथं बागा टिकल्यात तिथं बहुतेक एक गोष्ट दिसते. झाडाला कुणाचं तरी नाव आहे. गेल्या काही वर्षांत अनेक गावांत माणूस गेल्यावर रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालून त्यावर झाड लावायची पद्धत पडलीय. ते झाड सहसा मरत नाही. आईच्या नावचा आंबा वाळताना बघवत नाही, म्हणून लेक हंडा घेऊन जाते. तिला कुणी समितीवर घेतलेलं नसतं आणि प्रमाणपत्रही दिलेलं नसतं. जाखमतबाबाचा वड आणि हा आंबा, दोन्हीची मुळं एकाच मातीत आहेत. आपलं माणूस तिथं आहे ही भावना पाणी घालायला लावते. बाकीची कामं योजना करू शकते, ही भावना योजनेतून येत नाही.

कायदा काय सांगतो?

भावना एका पिढीची असते, कागद पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो. म्हणून कायद्याकडेही बघायला हवं.

शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ साली बदल होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज ट्री' म्हणजे वारसा वृक्ष मानायची तरतूद आली. पण हा कायदा नागरी भागाचा. ग्रामीण भागात झाडं तोडण्यावर १९६४ चा कायदा लागतो. त्यात साग, आंबा, चिंच, मोह अशा ठरावीक जातींची यादी आहे. यादीत झाडाच्या जातीला किंमत आहे, वयाला आणि इतिहासाला नाही. म्हणजे नगर शहरातलं साठ वर्षांचं झाड वारसा ठरू शकतं, आणि खेड्यातलं त्याच्या कितीतरी पट जुनं झाड त्या व्याख्येत बसत नाही.

मग खेड्याच्या हातात काय आहे? २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. गावातली झाडं, पिकांचे वाण, औषधी वनस्पती, देवराया आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती, हे सगळं तिच्यात यावं अशी अपेक्षा आहे. २०२० च्या सुरुवातीची मुदत पडल्यानं त्या काळात देशभर या वह्या घाईघाईनं लिहिल्या गेल्या. आपल्या गावची वही ग्रामसेवकाकडे जाऊन एकदा उघडून बघावी. तिच्यात आपला जुना वड, चिंच, बारव आहे का ते तपासावं. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून घालता येतं.

याच कायद्यात स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून जाहीर करू शकतं. पुण्यातलं १८७३ सालचं गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये असं जाहीर झालं. जळगावचं लांडोरखोरीही या यादीत आहे. म्हणजे मोठी जंगलंच यात येतात असं नाही, शहराच्या कडेची बागही येते. मग खेड्यातल्या देवराईला किंवा शतकानुशतकं उभ्या असलेल्या वडाला आपण का मागू नये? मागणी गावातूनच जायला हवी, आणि मागायचं तर कागदावर माहिती हवी.

आठवण लिहून ठेवा

इथंच गावाचा इतिहास कामाला येतो. हे झाड कुणी लावलं, दुष्काळात त्याखाली काय होतं, जत्रा कधी भरायची, पहिला मान कुणाचा, बैलगाड्या कुठे सुटायच्या, हे ऐंशीच्या पुढच्या दोन-चार माणसांना माहीत असतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला ते आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर ही माहिती जाते. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. रील काढतो त्याच मोबाईलवर आजोबांचा अर्धा तास आवाज भरून घेता येतो. त्याला पैसा लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही.

लिहिताना एक काळजी घ्यायला हवी. अशा जागांचा इतिहास बऱ्याचदा गावकुसाच्या कडेला राहिलेल्या लोकांचा असतो. रामोशी, धनगर, महादेव कोळी, ठाकर, मातंग, महार समाजातल्या राखणदारांचा, गुराख्यांचा, जागल्यांचा. फलक रंगवताना राजाचं नाव मोठं येतं आणि ज्याच्या पूर्वजानं जागा राखली त्याचं नाव राहून जातं. ते राहू नये. शहाजीराजांचा इतिहास मोठा आहे, त्यात कुणाला शंका नाही. पण पेमगिरीच्या वडाखालचं ठाणं जाखाई-जाखमतबाबाचं आहे, हेही तितक्याच मोठ्या अक्षरात यायला हवं. ज्या समाजाचं नाव फलकावर असेल, त्याची पोरं ती जागा सांभाळायला पुढे येतील.

ग्रामसभेत मांडण्यासारखं

या पावसाळ्यात गावात झाडं लागतीलच. त्याआधी किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चार गोष्टी ठरवता येतील.

एक, जेवढ्या झाडांना उन्हाळ्यात पाणी देऊ शकतो तेवढीच लावायची. प्रत्येक झाडापुढे घराचं नाव लिहायचं आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची. तिच्यात निम्मी नावं बायकांची असावीत.

दोन, बागेची समिती पॅनेलबाहेरची ठेवायची. दोन्ही बाजूंची माणसं, शाळेचे गुरुजी, एक म्हातारं माणूस. जमा-खर्च दर तीन महिन्यांनी ग्रुपवर टाकायचा.

तीन, जुन्या झाडाचे नियम ठरवायचे. खोडाला चिकटून सिमेंट नाही, खाली गाड्या नाहीत, चूल नाही, पारंबीला झोका नाही, पाला पेटवायचा नाही. खाली येणाऱ्या कोवळ्या पारंबीला मातीनं भरलेला बांबू किंवा पाईप लावून जमिनीपर्यंत न्यायचं आणि रुजेपर्यंत पाणी द्यायचं. वर्षातून एकदा कृषी किंवा वन खात्याच्या माणसाला बोलावून वाळवी तपासून घ्यायची.

चार, झाडाची आणि जागेची हकीकत लिहून नोंदवहीत घालायची आणि तिची एक प्रत शाळेत ठेवायची.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. म्हणूनच कदाचित त्या होत नाहीत, कारण ज्यात बिल निघत नाही त्याचा पाठपुरावा कुणी करत नाही.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. शहरात त्या दिवशी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात. गावात अजून बायका झाडापाशी जातात, दोरा गुंडाळतात, सात फेऱ्या मारतात. वर्षातला हा एक दिवस असा असतो की अख्खं गाव त्या झाडाखाली जमतं. त्याच दिवशी तिथं यादी वाचली, म्हातारीनं झाडाची गोष्ट सांगितली आणि येताना प्रत्येकीनं नव्या रोपाला एक तांब्या ओतला, तर समितीची पहिली बैठक झाल्यासारखीच आहे. पुढची बैठक चैत्रात घ्यावी, त्याच जाळीपाशी. आत काय आहे ते सगळ्यांनी मिळून बघावं.